डीएचसीपी बंद करू नका, कॅमेऱ्याचा पत्ता तेवढा राखून ठेवा

सांगली-मिरजेकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आपोआप पत्ता वाटणारी सोय, बंद करा आणि प्रत्येक फोन-लॅपटॉपला हातानं आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) द्या. म्हणजे नेट जोरात पळेल, शेजारी वायफाय चोरणार नाही आणि लाईट गेली-आली तरी कॅमेरा बंद पडणार नाही.

वेगाचं आधी उरकू. फोन वायफायला जोडला की तो पत्ता विचारतो, राउटर एक सुचवतो, फोन तोच मागतो, राउटर होकार देतो. चार निरोप, मिळून साधारण दीड हजार बाइट. त्या पत्त्याची मुदत २४ तासांची असेल, तर १२ तासांनी फोन ती वाढवून घेतो. व्हिडिओ अडकण्याशी याचा काही संबंध नाही. राउटर लोखंडी कपाटामागून काढलात तर मात्र फरक दिसेल.

चोरीचा मुद्दा तर अगदीच पोकळ. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो फोनच्या सेटिंगमध्ये १९२.१६८.१.५० हा पत्ता आणि १९२.१६८.१.१ हा गेटवे (नेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) टाकतो की झालं काम. अडसर पासवर्डचा असतो. तो बदला, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडण्याची सोय) बंद करा.

कॅमेऱ्याचं मात्र अर्धं खरं आहे. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या यंत्राचा) पत्ता बदलला की त्या पत्त्यावर बघणाऱ्या लॅपटॉपला तो सापडत नाही, म्हणून त्याला कायमचा पत्ता हवाच. पण नुसता डीव्हीआरमध्ये घातला तर काय होतं बघा. डाहुआच्या डीव्हीआरचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१०८, आणि पुष्कळ राउटर शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्तेच वाटतात. वळवाच्या पावसात लाईट गेली, राउटर इन्व्हर्टरवर चालू, डीव्हीआर बंद. तेवढ्यात पाहुणे आले. १०८ वर कुणीच उत्तर देत नाही, म्हणून राउटरनं तो पत्ता पाहुण्यांच्या फोनला दिला. लाईट आली, डीव्हीआर जागा झाला, आणि एका पत्त्याचे दोन मालक. चित्र येतं, जातं, आणि लोक वायरमनला बोलावून केबल बदलून घेतात!

यावर इलाज राउटरमध्येच आहे. डीएचसीपीच्या पानावर ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा. डीव्हीआरचा १२ अक्षर-अंकांचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख-क्रमांक) भरा, त्यापुढे १९२.१६८.१.२० लिहा, जतन करा. डीव्हीआरमध्ये डीएचसीपी चालू करा आणि त्याची पिन मिनिटभर काढून पुन्हा लावा. राउटरमध्ये ही सोय नसेल तर वाटपाची सुरुवात १०० वर ठेवून डीव्हीआरला हातानं १९२.१६८.१.२० द्या; मास्कच्या रकान्यात २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएसच्या दोन्ही रकान्यांत १९२.१६८.१.१. प्रिंटरलाही हेच. फोन-लॅपटॉपच्या वाटेला जाऊ नका: विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधून अ‍ॅडॉप्टरवर घातलेला पत्ता लॅपटॉपबरोबर ऑफिसातही जातो आणि तिथं नेट लागत नाही.

डीएचसीपी बंद करायचं ते एका ठिकाणी, आणि फॉरवर्डवाल्यानं बहुधा तेच अर्धवट ऐकलं असावं. माडीवर रेंज नाही म्हणून फायबरच्या डब्यापासून (नेट आणणाऱ्या खालच्या राउटरपासून) वायर ओढून जुना राउटर बसवतात, तिथं. दोघंही पत्ते वाटायला लागले की काही फोनना गेटवे म्हणून माडीवरचा राउटर मिळतो. ते वायफायला जोडलेले दिसतात, पण नेट नाही. म्हणून जुना राउटर डब्याला जोडण्याआधी त्याला फक्त लॅपटॉप लावा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि शेवटी डब्याच्या लॅन पोर्टातून (घरातली यंत्रं जोडायच्या जागेतून) आलेली वायर त्याच्याही लॅन पोर्टात घाला, वॅन (बाहेरून नेट येण्याची जागा) रिकामा. दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असताना वायर आधीच जोडलीत, तर ब्राउझरमध्ये कोणाचं पान उघडेल याचा भरवसा नाही, आणि चुकून खालच्या डब्याचंच डीएचसीपी बंद व्हायचं.