ओनरचं उत्तर: बायकोचं क्रेडिट घेतलं, आईचं का नाही
नमस्कार सर, आमच्या टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्या ऑफिसला तुम्ही रिव्ह्यूमध्ये दिलेला एक स्टार बघून वाईट वाटलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तुम्हाला ताटकळत बसावं लागलं त्याबद्दल मनापासून सॉरी, इथे कॅनडात ३० तारखेची रिटर्नची डेडलाइन असते आणि ब्रॅम्प्टनमधले निम्मे लोक तेव्हाच जागे होतात, पण ते असो.

पण "आई घरात असून तिचं क्रेडिट घेतलं नाही, फसवलं" हे जे लिहिलंय ते मला पटत नाही. क्रेडिट म्हणजे टॅक्समधली सवलत. रिटर्न फॉर्मच्या लाइन ३०४०० वर आई डिपेंडंट, म्हणजे आपल्यावर अवलंबून, म्हणून दाखवता येते, पण कोणाला, तर ज्याला जोडीदार नाही किंवा जो वेगळा राहतो त्याला. तुम्ही वहिनींसोबत एकाच घरात राहता, मग ती लाइन तुमच्यासाठी बंदच आहे. बायको सोडून आईला धरा असा चॉइस सीआरए (इथलं टॅक्स खातं) देत नाही हो, मी कुठून देणार? वहिनींचं ३०३०० वर घेतलं, २०२४ च्या रिटर्नला ते जास्तीत जास्त १५,७०५ डॉलर आणि त्यातून त्यांचं उत्पन्न वजा होतं. त्यांची टी-फोर स्लिप, म्हणजे वर्षाच्या पगाराचा कागद, तुम्ही अगदी शेवटी, सही करताना खिशातून काढलीत, "ही पण लागते का" म्हणत! रिफंड कमी झाला तो तिथे. आणि १५,७०५ काही हातात येत नाहीत, २०२४ ला फेडरलचे, म्हणजे केंद्र सरकारचे, त्याच्या १५ टक्के, म्हणजे २,३५५ च्या आसपास टॅक्स वाचायचा, तोही भरायचा टॅक्स असेल तर.

आईंसाठी केअरगिव्हरची, म्हणजे आजारी माणसाला सांभाळणाऱ्याची, ३०४५० लाइन आहे, ती बायकोच्या क्रेडिटसोबतही चालते, पण शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे त्या तुमच्यावर अवलंबून असायला हव्यात. मी विचारलं होतं, डॉक्टरचं पत्र मिळेल का, तर तुम्हीच म्हणालात आई ठणठणीत आहे, रोज मंदिरापर्यंत चालत जाते. चांगलंच आहे की! मग मी खोटं लिहू का? उद्या सीआरएचं पत्र तुमच्या घरी येईल आणि नाव माझं खराब होईल. तुमच्या मित्राला मिळालं म्हणता, तर २०१७ च्या आधी घरात राहणाऱ्या ६५ च्या पुढच्या आईवडिलांचं आजार नसला तरी मिळायचं, ते कधीच बंद झालंय.

आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे, सीझनमध्ये मी आणि मिस्टर रात्री उशिरापर्यंत बसतो, लोक आधी रिव्ह्यू वाचतात आणि मगच येतात. पुढच्या वर्षी अपॉइंटमेंटचं काहीतरी नीट करू, काय काय कागद लागतात तेही मराठीत लिहून लावू.

आईंना खरंच काही त्रास असेल तर डॉक्टरचं पत्र आणा, जुनं रिटर्न दुरुस्त करता येतं, दहा वर्षांपर्यंत मागे जाता येतं, त्याची फी घेणार नाही. स्टार राहू दे, पण ते "फसवलं" तेवढं काढा प्लीज.