आत शिरा आणि दार ओढून घ्या

प्रवेश मिळाला? अभिनंदन! आता अभ्यासाचा विषय डोक्यातून काढून टाका. तो प्रवेश मिळेपर्यंतच शोभतो. पुढची तीन वर्षं नाशिकच्या कॉलेज रोडवर काढायची आहेत आणि तिथे वेळ अजिबात पुरत नाही.

सकाळचं पहिलं लेक्चर मिसळीच्या नावाने सोडायचं. दुसऱ्याला जाण्यात अर्थ नाही, कारण रस्सा अंगावर येतो. 'आमच्या एचपीटी कॉलेजात कुसुमाग्रज शिकले' हे पाहुण्यांना जरूर सांगा, त्यांची एखादी कविता म्हणून दाखवायची सक्ती नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून तुमची वाट बघतंय, आणखी तीन वर्षं बघेल. हजेरी कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं की वडिलांची सही आणि डॉक्टरांचा दाखला, दोन्ही झेरॉक्सवाल्याच्या आसपास जमून जातं. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारा भेटला, तर 'अच्छा, बाहेरून का?' एवढं नाक मुरडून म्हणायचं. बास.

खरा कस लागतो तो जून-जुलैत. गावाकडून फोन सुरू होतात.

'दादा, स्कॉलरशिपचा फॉर्म कसा भरायचा?'

'ऑनलाइन आहे रे सगळं.' हे वाक्य पाठ करा. खोटं नाही आणि उपयोगाचंही नाही.

तो मग सुरगाण्याहून पहिल्या एसटीने निघतो. नाशकात सीबीएस स्टँडला उतरतो. सोबत टोपीतले वडील आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी ओरिजनल. सायबर कॅफेवाला आधार नंबर टाकतो आणि ओटीपी जातो थेट गावी, कारण आधारला जोडलेला मोबाइल धाकट्या भावाकडे आणि भाऊ शेतात. भावाला रेंज मिळेतो ओटीपी मेलेला. दुसरा मागवा. तोवर कॅफेवाला म्हणतो, उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षीचा आहे, चालणार नाही.

'मोबाइल सोबत आण आणि दाखला आधी नवा काढ,' हे तुम्ही फोनवर अर्ध्या मिनिटात सांगू शकला असता. पण मग मार्गदर्शनाला काही किंमत उरली असती का?

वसतिगृहात नंबर लागला नाही तर आदिवासी विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासाठी 'स्वयं' योजनेतून खात्यावर पैसे मिळतात, हेही पोटात ठेवा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, शोधेल तो. चुलतबहिणीचा इंजिनिअरिंगचा फोन आला तर जास्तच सावध राहा. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. हे तिला प्रवेश झाल्यावर सांगा. 'अगं, आधी विचारायचंस ना!' असं हळहळून सांगितलं की आपुलकीही दिसते.

मन खायला लागलं तर पंचवटी एक्स्प्रेस आठवा. नाशिक रोडला धक्के खात जनरल डब्यात शिरलेला माणूसच इगतपुरीला दारात आडवा उभा राहून ओरडतो, 'जागा नाही, मागच्या डब्यात जा!' त्याला कुणी वाईट म्हणतं का? त्याला अनुभवी म्हणतात.

आता फळ. पदवी झाली की गावात सत्कार ठरलेला. शाल, श्रीफळ, फ्लेक्सवर गॉगल घातलेला फोटो. माइक हातात आला की 'परिस्थितीवर मात करा', 'मोठी स्वप्नं बघा', 'मला कुणीही मदत केली नाही' हे तीन मुद्दे पुरतात. तिसरा सांगताना समोरच्या रांगेतल्या मास्तरांकडे बघू नका, तुमचा फॉर्म त्यांनीच भरला होता.

भाषण संपल्यावर एखादं पोरगं फाइल घेऊन जवळ येईलच. आधी त्याच्यासोबत सेल्फी काढा. त्याने फाइल उघडायच्या आत घड्याळ बघा आणि म्हणा, 'शेवटची एसटी चुकेल रे.' स्वतःच्या गाडीने आला असलात तरी हेच म्हणा.