‘घट्ट धरा, सवय होईल’ म्हणे!

कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. कान दर आठवड्याला साफ करा, इअरबडने आतपर्यंत पुसा, पेरॉक्साइड नाहीतर कोमट तेल घाला. ऐकत नसेल तर दोघांनी घट्ट धरा, दोन-चारदा असं केलं की सवय होते.

सगळ्यात घातक आहे ते शेवटचं, म्हणून सुरुवात तिथूनच. धरून ठेवलेला कुत्रा गप्प झाला म्हणजे त्याला सवय झाली असं नव्हे. बरेचदा सुटका नाही हे कळून तो नुसता थिजलेला असतो. पुढच्या वेळी बाटली दिसताच पलंगाखाली शिरतो. गुरगुरला की ओरडा खाल्लेला कुत्रा एक दिवस न गुरगुरताच चावतो, आणि मग आपण म्हणतो, ‘अचानक चावला!’

मुळात तो कान साफ का करू देत नाही, हे या सल्ल्यात कुणी विचारतच नाही. कालपर्यंत कान खाजवून घेणारा कुत्रा आज हात लावू देत नसेल, तर कान दुखतोय असंच आधी समजा. घाण वास, लाली, काळपट मळ, सारखं डोकं झटकणं, यातलं काहीही दिसलं तर सफाई राहू द्या, डॉक्टरकडे न्या. मान एका बाजूला कलली असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर त्याच दिवशी.

इअरबडचं म्हणाल, तर कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत आडवी वळते. काडीने मळ त्या वळणात आणखी ठासला जातो.

पेरॉक्साइड, व्हिनेगर, स्पिरिट हे सगळं लाल झालेल्या कातडीवर झोंबतं. तेलाने मळ मऊ होतो हे खरं, पण तेल आतच चिकटून राहतं. आणि पडदा फाटलेला असला तर घरगुती काहीही ओतणं धोक्याचंच. तो फाटलाय की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

दर आठवड्याला? निरोगी कान आपला मळ आपणच बाहेर सरकवतो. उगाच धूत राहिलं तर आतली कातडी ओलसर राहून बिघडते. खूप पोहणारे, लोंबत्या कानांचे, ॲलर्जीवाले कुत्रे वेगळे. त्यांचं वेळापत्रक डॉक्टरला विचारून ठरवा. कान पुन्हा पुन्हा बिघडण्यामागे बहुतेकदा ॲलर्जीच असते, आणि ती धुऊन जात नाही.

कान निरोगी आहे पण कुत्रा घाबरट आहे, असं असेल तर घाई नको. काही दिवस फक्त कानाला हात लावायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. मग कानाची पाळी उचलायची, खाऊ. मग बाटली नुसती शेजारी ठेवायची. पुष्कळ कुत्र्यांना खरी भीती असते ती थंडगार द्रवाची आणि बाटलीच्या फुसकाऱ्याची. म्हणून बाटली आधी मुठीत धरून कोमट करा. कुत्र्यांसाठीच्या इअर क्लीनरमध्ये कापसाचा बोळा चिंब भिजवा, कानाच्या तोंडाशी ठेवून दाबा आणि कानाचं मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रव पोचलाय. मग त्याला मनसोक्त डोकं झटकू द्या (आपण जुने कपडे घातलेले बरे) आणि बोट सहज जाईल तेवढंच कोरड्या कापसाने पुसून घ्या. मध्येच त्याने मान काढून घेतली तर तिथेच थांबा. दुसरा कान उद्या केला तरी चालतो.