पोरगं दंगा करतंय आणि घर हसतंय

पोरांनी दंगा करायचाच, त्याचं मला काय नाय. डोकं फिरतं ते बघून हसत बसणाऱ्या मोठ्या माणसांमुळं. रंकाळ्यावर बोट बघून आल्यावर आमच्या बारक्यानं आजोबांच्या कापशी चपला पाण्याच्या बॅरलमध्ये सोडल्या, का तर म्हणे होडी. अरे त्या कोल्हापुरी आहेत, बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, कारागिरानं हातानं शिवलेलं, 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्याला, पाण्यात भिजलं की फुगतंय, आकार जातोय, आणि उन्हात टाकावं तर कडक होऊन तडकतंय, म्हणजे सावलीत ठेवून उलटंपालटं करत बसायचं, ते कोण करणार? मी. आणि ज्यांच्या चपला ते आजोबा काय म्हणाले, "नाद खुळा! पोरगं इंजिनिअर होतंय बघ!"

झालं, त्याला वाटलं शाबासकीच मिळाली. मग जोतिबावरनं आणलेला गुलाल पंख्याच्या पात्यांवर ठेवून बटण दाबलं. भिंती, गाद्या, दुधाचं पातेलं, सगळं गुलाबी. आत्याबाई ओरडायचं सोडून मोबाईल काढून व्हिडिओ करतायत, फॅमिली ग्रुपवर टाकतायत, वर मामाचा मेसेज, "आमच्यावर गेलाय". आणि मी रागावले की लगेच "असूदे गं, बारका हाय". अहो बारका आहे म्हणूनच आत्ता सांगायचं ना, का मिसरूड फुटल्यावर सांगणार? मी नको म्हणायचं आणि मागनं चारजणांनी टाळ्या पिटायच्या, मग पोरानं ऐकायचं कुणाचं?

आता सांगून ठेवलंय, जो हसेल त्यानं भिंत पुसायची.