सात वर्षांची हद्द

सॅन होजेच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी सॅराटोगा नावाचं गाव आहे. बे एरियातल्या मराठी घरांत या गावाचं नाव निघतं ते चांगल्या शाळा आणि न परवडणारी घरं यांच्या गप्पांत. शंभर वर्षांपूर्वी तिथे फळबागा होत्या. 1919 मध्ये टोकियो सोडून निघालेली एक इंग्रज आई दोन लहान मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात उतरली. वाटेत मुली आजारी पडल्या, मुक्काम लांबला, आणि हे कुटुंब अखेर सॅराटोगात स्थिरावलं. थोरली ऑलिव्हिया डी हॅविलंड, धाकटी जोन फॉन्टेन. पुढे दोघींनीही मुख्य भूमिकेसाठी ऑस्कर मिळवलं. दोघींच्या आयुष्यभराच्या अबोल्यावर भरपूर छापून आलं आहे. त्याचा मला कंटाळा आहे, म्हणून तो विषय इथेच सोडते.

ऑलिव्हिया आपल्याकडे माहीत आहे ती 1939 च्या 'गॉन विथ द विंड'मधली मेलनी म्हणून. सोशिक, मऊ, सगळ्यांना समजून घेणारी. त्या आधी एरॉल फ्लिनच्या तलवारबाजीच्या चित्रपटांत ती नायिका होती, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी तिला सुंदर दिसण्यापलीकडे फारसं काम नव्हतं. 26 जुलै 2020 ला ती पॅरिसमध्ये वारली. वय 104. मृत्युलेखांत मेलनीचाच फोटो सगळीकडे होता. मला मात्र तिची आठवण येते ती एका खटल्यासाठी, आणि गेल्या काही महिन्यांत आमच्या घरात जो वाद चालला आहे त्यामुळे ती फारच तीव्रतेने येते.

वाद भाच्याच्या नोकरीचा आहे. तो पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत लागला. पहिलीच नोकरी. दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडली तर दोन लाख भरायचे, आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं कंपनीच्या ताब्यात. सहा महिन्यांत त्याच्या लक्षात आलं की ज्या कामासाठी घेतलं ते काम तिथे नाहीच; रात्रपाळीत दुसऱ्यांच्या तक्रारी नोंदवत बसायचं आहे. घरच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. भावोजींचं म्हणणं स्पष्ट होतं. "सही करताना कुणी हात धरला नव्हता. कंपनीने शिकवलं, तिचं मीठ खाल्लं, आता शब्द पाळ." भावोजी बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यात एकच नोकरी केलेले. त्यांनी सोबत एक बातमीही पाठवली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली, त्याची. "बघ मावशी, कोर्टही तेच म्हणतंय," असं भाच्याने मला वेगळं लिहिलं.

भावोजींचं वाक्य, "सही तूच केलीस ना," हे 1943 मध्ये ऑलिव्हियाच्या स्टुडिओच्या, वॉर्नर ब्रदर्सच्या, वकिलांचंही म्हणणं होतं.

त्या काळी हॉलिवूडचे करार सात वर्षांचे असत, पण बांधलेला असे फक्त कलाकार. दरवर्षी पुढे ठेवायचं की काढायचं हा अधिकार स्टुडिओचा. कुठला चित्रपट, कुठली भूमिका, दुसऱ्या स्टुडिओला उसनं द्यायचं का, हेही स्टुडिओच ठरवणार. भूमिका नाकारली की निलंबन. निलंबनात पगार बंद, आणि ते काम दुसऱ्या नटीकडून पूर्ण होईपर्यंतचा सगळा काळ कराराच्या शेवटी जोडला जाई. म्हणजे सात वर्षं ही कॅलेंडरची सात वर्षं नव्हती. जितक्या वेळा नाही म्हणाल तितकी ती लांबत जाणार. मेलनीची भूमिका ऑलिव्हियाला स्वतःच्या स्टुडिओने दिलेली नव्हती. त्या चित्रपटाच्या निर्मात्याकडे, सेल्झनिककडे, उसनं जाऊ द्यावं म्हणून तिला स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नर याच्या बायकोकडे शब्द टाकावा लागला होता. त्या भूमिकेसाठी पहिलं ऑस्कर नामांकन मिळवून ती परत आली, आणि स्टुडिओने पुन्हा तसल्याच बाहुलीच्या भूमिका पुढे केल्या. तिने नाकारल्या. निलंबनं साठत गेली.

1943 मध्ये तिची सात वर्षं भरली तेव्हा स्टुडिओने सांगितलं, अजून सुमारे सहा महिने बाकी आहेत. मार्टिन गँग नावाच्या वकिलाने तिला कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातलं एक कलम दाखवलं. 2855. व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे कोणावरही लादता येणार नाही, एवढंच ते सांगतं. प्रश्न उरला तो 'सात वर्षं' कशी मोजायची याचा: प्रत्यक्ष कामाची, की कॅलेंडरची. तिने दावा लावला.

लोक या गोष्टीचा शेवट सांगतात, मधला काळ कोणी सांगत नाही. खटला चालू असताना वॉर्नरने इतर स्टुडिओंना कळवलं की ही नटी अजून आमच्या कराराखाली आहे. काम बंद झालं. सत्तावीस वर्षांची, नावाच्या शिखरावरची नटी सुमारे दोन वर्षं पडद्यावर नवं काही करू शकली नाही. त्या नावाला त्या धंद्यात दोन वर्षं गप्प बसवणं म्हणजे काय, हे ठाऊक असूनही ती मागे हटली नाही. त्या काळात तिने लष्करी इस्पितळांचे दौरे केले, अलास्काच्या बेटांपासून दक्षिण पॅसिफिकपर्यंत, आणि फिजीत न्यूमोनियाने आजारी पडली. 1944 च्या मार्चमध्ये खालच्या कोर्टात ती जिंकली. डिसेंबरमध्ये अपील कोर्टानेही तिच्याच बाजूने निकाल दिला. 1945 च्या सुरुवातीला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओचं म्हणणं ऐकायला नकार दिला, आणि प्रकरण संपलं.

त्या निकालात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा वर्षं मोजण्याचा नाही. स्टुडिओचं म्हणणं होतं, निलंबनाचा काळ जोडायला तिने करारातच संमती दिली होती. कोर्टाने म्हटलं, ही हद्द एकट्या नोकरदाराच्या सोयीसाठी नाही, ती सार्वजनिक हितासाठी आहे, म्हणून ती कोणाला सही करून सोडून देता येणार नाही. भावोजींच्या "सही तूच केलीस ना" याला हे उत्तर आहे. बाविशीतल्या मुलाला हातात पहिलं ऑफर लेटर मिळतं तेव्हा त्याच्यापुढे दोन बाजूंचा व्यवहार नसतो, एकाच बाजूने लिहून आणलेला कागद असतो. कायदा असतो तो याच वेळेसाठी.

आता यातली जी गोष्ट मला झोपू देत नाही ती सांगते. ऑलिव्हियाच्या आधी, 1936 मध्ये, नुकतंच ऑस्कर मिळालेली बेटी डेव्हिस वॉर्नरच्या भूमिकांना कंटाळून इंग्लंडला निघून गेली होती, दुसऱ्या निर्मात्याकडे काम करायला. वॉर्नरने लंडनच्या कोर्टात तिच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. खटला तिच्या तेव्हाच्या नवऱ्याच्या आडनावाने, नेल्सन म्हणून, ओळखला जातो. ती हरली आणि कॅलिफोर्नियाला परत कामावर आली.

तो इंग्रजी निकाल पुढे कुठे गेला? कल्याणला. तिथल्या सेंच्युरी कंपनीच्या कारखान्यात टायर कॉर्डचं, म्हणजे टायरला बळकटी देणाऱ्या दोऱ्याचं, उत्पादन सुरू होत होतं. 1963 मध्ये तिथे एक मराठी शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर लागला, प्रशिक्षण घेतलं, आणि दुसऱ्याच वर्षी जास्त पगारावर राजस्थानातल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. कंपनी कोर्टात गेली. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कराराची मुदत संपेपर्यंत त्याला तसंच काम दुसरीकडे करता येणार नाही. परदेशी कंपन्यांकडून घेतलेलं तंत्रज्ञान गुप्त ठेवण्याचा प्रश्नही त्यात होता, हे मान्य करायला हवं. पण त्या निकालपत्रात बेटी डेव्हिसच्या पराभवाचा दाखला आहे, आणि तो निकाल आजही आपल्याकडे अशा खटल्यांत वाचला जातो. हॉलिवूडच्या एका नटीचा लंडनमधला पराभव कल्याणच्या कामगारापर्यंत पोचला. तिच्याच स्टुडिओतल्या दुसऱ्या नटीचा विजय आपल्यापर्यंत पोचला नाही.

त्याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे, मुळात भारताचा आणि कॅलिफोर्नियाचा हे दोन्ही कायदे सख्खे आहेत. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचं 27 वं कलम म्हणतं की कुणाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार रद्दबातल. ते कलम घेतलं गेलं ते न्यूयॉर्कचे विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांच्या मसुद्यावरून. कॅलिफोर्नियाची दिवाणी संहिताही 1872 चीच, आणि तिचा पायाही फील्ड यांचाच मसुदा. कॅलिफोर्नियाने त्या एका वाक्याचा शब्दशः अर्थ लावला. आजची कंपनी सोडून समोरच्या इमारतीतल्या प्रतिस्पर्ध्याकडे उद्या जाता येतं, आणि सिलिकॉन व्हॅली उभी राहण्यामागे हे एक कारण आहे असं इथले अभ्यासक मानतात. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरची बंधनं कोर्टं नाकारतात, पण नोकरीच्या मुदतीतली मान्य करतात. 2025 च्या निकालातही हाच धागा आहे: अट नोकरीच्या काळापुरती आहे, म्हणून ती व्यवसायाला अडवणारी नाही.

त्या निकालाला त्याची बाजू आहे. सार्वजनिक बँकेला जाहिरात, परीक्षा, मुलाखती अशा वाटेनेच माणूस घ्यावा लागतो, त्याला खर्च येतो, आणि तो अधिकारी शिकाऊ उमेदवार नव्हता. पण त्या निकालाचा आधार घेऊन खाजगी कंपनीने नवख्या मुलाला दोन आठवड्यांचं शिकवणं दाखवून दोन लाख मागावेत, हे त्यातून निघत नाही. आणि मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. तो खर्चाचा परतावा नव्हे, ती ओलीस ठेवण्याची रीत आहे.

परदेशात बसून बोलणं सोपं, असं भावोजी म्हणतात, आणि त्यांना उत्तर देणं माझ्यावर आहे. कॅलिफोर्निया स्वर्ग नाही. इथेही "आधी सोडलंस तर प्रशिक्षणाचे पैसे परत कर" असले करार चालत होते. म्हणूनच राज्याला 2025 मध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला, आणि 2026 पासूनच्या करारांना तो लागू आहे. संगीत कंपन्यांनी 1987 मध्येच सात वर्षांच्या कलमात स्वतःपुरती दुरुस्ती करून घेतली. उरलेल्या अल्बमसाठी गायकावर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. आणि आपल्या माणसांपुरतं बोलायचं तर एच-वन-बी हा नोकरीला बांधलेला व्हिसा आहेच. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायची तयारी करायची. ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांची दशकं जातात, आणि त्या काळात किती जण नको त्या बॉसखाली केवळ व्हिसासाठी मान खाली घालून राहतात, ते मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रोज पाहते. ज्या राज्याने ऑलिव्हियाला मोकळं केलं त्याच राज्यात शेजारच्या खुर्चीवरचा माणूस बांधलेला आहे. मला याचा राग येतो तितकाच हिंजवडीतल्या बॉण्डचा येतो. दोन्हीकडे अडवणूक एकच आहे.

आपल्याकडे अशी बाई झाली नाही असंही नाही. 'कुंकू'त म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा ज्यांनी उभी केली, त्या शांता आपटे 1939 मध्ये कराराच्या वादावरून पुण्यात प्रभात स्टुडिओच्या दाराशी उपोषणाला बसल्या. मेलनी पडद्यावर आली त्याच वर्षी. ऑलिव्हियाच्या खटल्याच्या चार वर्षं आधी. पुढच्याच वर्षी त्यांनी सिनेमाच्या धंद्यात बाईचं काय होतं यावर पुस्तकही लिहिलं. त्यांच्या हातात 2855 सारखं कलम नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं शरीर पुढे केलं. मराठी माणूस हा प्रसंग सांगतो तो बहुतेक वेळा नटीच्या लहरीचा किस्सा म्हणून, आणि ते मला लागतं. ऑलिव्हियालाही हट्टीच म्हटलं गेलं होतं. फरक एवढाच की तिचा हट्ट कायद्याच्या पुस्तकात नोंदला गेला आणि आज तो तिच्या नावाने ओळखला जातो.

खटल्यानंतर ऑलिव्हियाने काय केलं हे पाहिलं की "बांधून ठेवलं नाही तर माणूस वाया जातो" या समजुतीचा निकाल लागतो. 1946 आणि 1949 च्या चित्रपटांसाठी तिला दोन ऑस्कर मिळाली. मधल्या 1948 च्या चित्रपटात तिने मनोरुग्णालयातल्या स्त्रीचं काम केलं. वॉर्नरने ज्या बाहुलीत तिला कोंडलं होतं तिथून इतकं दूरचं काम तिला तिथे राहून मिळालंच नसतं. चाळिशीच्या उंबरठ्यावर ती पॅरिसला गेली आणि तिथेच राहिली. टोकियोत जन्म, इंग्रज आईबाप, 1941 मध्ये घेतलेलं अमेरिकन नागरिकत्व, फ्रान्समध्ये म्हातारपण. 1965 मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची ती पहिली महिला अध्यक्ष झाली.

भाच्याला मी पैसे देऊ केले, त्याने नको म्हटलं. वकिलाकडे जायला मात्र तो तयार झाला आहे, आणि भावोजी त्याच्यासोबत जाणार आहेत. बॉण्ड पाळावा हे त्यांचं मत कायम आहे, पण प्रमाणपत्रं परत मिळाली पाहिजेत हे त्यांनाही पटलं. मला त्यापुढचं हवं आहे. कामगार हा विषय आपल्या राज्यघटनेत समवर्ती सूचीत आहे, म्हणजे महाराष्ट्राला स्वतः कायदा करता येतो. मूळ कागदपत्रं ठेवून घेणं गुन्हा ठरवा. प्रत्यक्ष झालेला, पावत्यांनी दाखवता येणारा प्रशिक्षणाचा खर्च सोडून दुसरी रक्कम मागता येणार नाही असं लिहा, आणि तीही दर महिन्याच्या कामागणिक कमी होत जाईल असं लिहा. आणि शेवटी, 1944 च्या त्या निकालात होतं तसं, हेही लिहा की कर्मचाऱ्याने सही करून हा हक्क सोडला असला तरी तो सुटत नाही.

पुण्यातल्या आमदारांना हे मी पत्राने कळवलं आहे. ज्यांच्या घरात पहिल्या नोकरीचं मूल आहे त्यांनीही कळवावं.