गोवर ‘येऊन जाऊ द्या’ म्हणणाऱ्यांसाठी खुलासा

‘गोवर एकदा अंगावर निघून गेला की पोराची प्रतिकारशक्ती पक्की होते, मग लस कशाला?’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. गोवर होऊन गेलेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही. पण त्याची किंमत मेसेजात नाही.

आधी झालेल्या आजारांची ओळख आपलं शरीर स्मृतिपेशींमध्ये जपून ठेवतं. तोच जंतू पुन्हा आला की या पेशी झटपट प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) तयार करवतात. गोवराचा विषाणू नेमका याच पेशींमध्ये शिरतो आणि त्या मारतो. म्हणजे चोरानं घरात शिरून पहारेकऱ्याची वहीच जाळावी, तसं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त गोवराआधी आणि नंतर तपासलं गेलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. पुरळ गेल्यावरही मूल वरचेवर न्यूमोनिया, जुलाब यांनी आजारी पडू शकतं, त्याचं हे एक मोठं कारण.

लसीतला विषाणू दुबळा केलेला असतो. तो गोवराची ओळख करून देतो, वही जाळत नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात उद्रेक झाला, तेव्हा लस न मिळालेल्या मुलांना त्याची मोठी झळ बसली. सरकारी केंद्रात गोवर-रुबेला लस मोफत मिळते: पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत.