जुनी हार्ड डिस्क नव्या विंडोजला चालत नाही म्हणे!

विंडोज १० चे अधिकृत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतो आहे: विंडोज ११ ला जुनी हार्ड डिस्क चालत नाही, म्हणून सगळा डेटा १६ टीबीच्या पेनड्राइव्हवर घेऊन डिस्क भंगारात द्या, आणि रेड (एकच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर ठेवणारी जोडणी) लावलेले असेल, तर बॅकअपही नको. मी दुर्लक्षच केले असते, पण माझ्या मामांनी नऊशे रुपयांना तसा पेनड्राइव्ह मागवून घरचे सगळे फोटो त्यावर उतरवले. डिस्क फॉरमॅट करण्याआधी त्यांना फोन करावासा वाटला, हे नशीब.

त्या पेनड्राइव्हमधली चिप जेमतेम ६४ जीबीची निघाली. अशा मालात कंट्रोलरला, म्हणजे पेनड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपला, संगणकापुढे खोटी क्षमता सांगायला लावलेले असते. त्यामुळे कॉपी विनातक्रार पूर्ण होते, फाइलींची नावे आणि आकारही दिसतात, पण खरी जागा संपल्यावर आलेला डेटा एक तर कुठेच लिहिला जात नाही किंवा आधीच्या डेटावर चढतो. मामांचे पहिले काही फोल्डर उघडले, पुढे मात्र नुसत्या करड्या चौकटी. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत साधन पूर्ण क्षमता भरून पुन्हा वाचून पाहते. नवा ड्राइव्ह त्यातून काढल्याशिवाय वापरूच नये.

आता ‘चालत नाही’ या दाव्याकडे. मायक्रोसॉफ्टने स्वतः प्रसिद्ध केलेल्या विंडोज ११ च्या किमान अटींत साठवणुकीसाठी ६४ जीबी किंवा त्याहून अधिक, एवढीच अट आहे. जुनी यंत्रे अडतात ती प्रोसेसरपाशी आणि टीपीएम २.० या सुरक्षा चिपपाशी. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली साटा डिस्क (साटा म्हणजे डिस्क बोर्डला जोडण्याची नेहमीची केबल-जोडणी) नव्या विंडोजमध्ये जशीच्या तशी उघडते. फिरत्या डिस्कवर विंडोज रखडते, हे मात्र नाइलाजाने मान्य करतो. विंडोज जिथे बसते त्या सी ड्राइव्हसाठी एसएसडीच (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्यावी.

रेडबद्दल इतकेच, की चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते, आणि मदरबोर्डच्या भरवशावर बांधलेला डिस्कचा संच दुसऱ्या बोर्डवर ओळखला जाईलच असे नाही.

वाढवत नेता येईल अशी साठवण हवी असेल, तर कॅबिनेटमध्ये रिकामा कप्पा आणि बोर्डवर मोकळा साटा पोर्ट आहे ना, हे आधी पाहावे; काही बोर्डांवर एम.२ (छोट्या पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डवर बसवण्याची) जागा वापरली की एखादा साटा पोर्ट बंद पडतो, तेही माहितीपुस्तिकेत तपासावे. मामांच्या संगणकात आता विंडोज एसएसडीवर आहे, फोटो त्याच जुन्या डिस्कवर आहेत आणि त्यांची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे. विंडोज ११ टाकताना चुकून तीच पुसली जाऊ नये म्हणून मी त्या जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवली होती.